आखाडात घर बघावं

माझा मुलगा यंदा पावसात घरं बघत हिंडतो आहे. हिंजवडीला त्याचं ऑफिस, तेव्हा घरही तिकडेच हवं, आणि एकदाचं घ्यायचं तर ओल कुठे येते ते बघूनच घ्यायचं, असा त्याचा हट्ट. दलाल त्याला सांगतो, "सर, एवढ्या पावसात कशाला, दिवाळीत या की." हा म्हणतो, दिवाळीत सगळीच घरं चांगली दिसतात. मग नव्या रंगाच्या वासात हा भिंतींना हात लावत फिरतो, कोपऱ्यात मोबाईलचा उजेड पाडतो, छताचे फोटो काढतो. मागच्या रविवारी मलाही नेलं. खूप वरच्या मजल्यावर लिफ्टनं चढवलं, आणि वर गेल्यावर बघते तर घरात चिटपाखरू नाही. रिकाम्या घरात काय बघायचं, मला कळेना. भिंती काय, भिंती कुणाच्याही असतात. मी आपली खिडकीत उभी राहून पाऊस बघितला. डोंगराकडून तो तसाच येत होता, तिरका आणि बिनघाईचा.

पावसात घरं बघायची खोड आमच्या घराला जुनीच. खोड आत्याबाईंची. आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. आमच्याकडे सासूला आत्याबाईच म्हणतात, मग ती आत्या असो नसो. मुळशीतल्या भरे गावात आमचं घर. भावकीतली लेक उजवायची झाली की पुरुषमाणसं मार्गशीर्षात जाऊन मुलाकडची जमीन बघून येत, बैलांच्या पाठीवरून हात फिरवत, खळ्यावर चहा पीत, आणि "माणसं लई चांगली हायेत" असं सांगत परत येत. आत्याबाई सगळं ऐकून घेत आणि म्हणत, "बरं हाय. आता आखाड यिऊ द्या."

आखाडात लग्नाचं बोलणं कुणी काढत नाही. म्हणूनच तो महिना त्यांना सोयीचा. लावणी उरकलेली असे, अंगातला चिखल अजून पुरता उतरलेला नसे. गुळाच्या पाण्यात कणीक भिजवून कापण्या तळायच्या, डबा फडक्यात बांधायचा, डोक्यावरून घोंगडी घ्यायची आणि निघायचं. ज्यांचं घर बघायचं त्यांच्या दारात जाऊन, जसं काही आभाळच कोसळलंय अशा आवाजात म्हणायचं, "ह्या बाजूला आलो हुतो, पावसानं गाठलं बघा. टेकावं का जरा?" पावसात आलेल्याला नाही म्हणायची आपल्याकडे रीत नाही. आत गेलं की मग आत्याबाईंचे डोळे सुरू होत.

काय बघायच्या? गळतं का, हे तर कुणीही बघेल. मुळशीच्या पावसात न गळणारं घर मी तेव्हा क्वचितच पाहिलं होतं. दिवसच्या दिवस सूर्य नसे. मिठाचं पाणी होई, काडेपेटी चुलीच्या कडेला झोपवावी लागे, भिंतीला हिरवं यायचं, बायकांच्या पायाच्या बोटांत चिखल्या होत आणि त्या पावलांनीच पुन्हा चिखलात उतरावं लागे. अशा दिवसांत घरातली कोरडी जागा थोडी उरते. चुलीमागची एक भिंत, माजघरातला एक कोपरा, बास. "ती जागा कुणाची, तेवढं बघायचं," आत्याबाई म्हणत. "बाकी समदं बोलण्यात हाय." त्यासाठी त्यांची एक युक्ती होती. बोलता बोलता उठायचं, इकडेतिकडे करायचं, आणि त्या घरातल्या सुनेची वाकळ हुडकून तिला हळूच हात लावायचा.

ओली वाकळ ज्यानं अंगावर घेतली नाही त्याला हे सांगून समजणार नाही. जुन्या लुगड्यांचे थर एकावर एक शिवलेले असतात, ते एकदा भिजले की आखाडात घेतलेलं पाणी थेट गणपतीपर्यंत सोडत नाहीत. अंगावर घेतली की आधी गार वाटते, मग अंगाच्या उबेनं कोमट होते, मग तिच्यातून धूर, शेळ्या, जुनं तेल असा एक वास वर येतो. सकाळी उठावं तर पाठ आखडलेली. माणूस आजारी पडत नाही लगेच. नुसतं आतून भिजत राहतं.

ही युक्ती आत्याबाईंना हौसेनं सुचलेली नव्हती. त्यांची थोरली लेक मामंजींनी जमीन बघून दिली होती, घाटाच्या कडेच्या एका गावात. जमीन खरंच चांगली होती. दुसऱ्या पावसाळ्यात लेक छातीच्या दुखण्यानं गेली. आत्याबाई पोचल्या तेव्हा तिला बाहेर काढून ठेवलं होतं, आणि तिचं अंथरूण गोठ्याच्या भिंतीशी तसंच पडलं होतं. आत्याबाईंनी ते उचललं तर त्यातून पाणी निथळलं. हे मला त्यांनी एकदाच सांगितलं, तांदूळ निवडता निवडता, आणि सांगून झाल्यावर खडे टाकायला उठून गेल्या.

तर आता मंदाची पाळी होती. मंदा माझी धाकटी नणंद, एकोणीस-वीस वर्षांची, जिभेनं तिखट, मनानं आळशी पण वाईट नाही. मला वहिनी म्हणायची आणि माझ्या वाटची साय खायची. थोरलीचं झालं तसं हिचं होऊ द्यायचं नाही, एवढं एकच आत्याबाईंनी धरलं होतं. हिला कोरड्यात द्यायची. सत्तरचं दशक सरत आलं होतं तेव्हाची ही गोष्ट. पिरंगुटाकडे कारखान्यांच्या शेडी नुकत्याच उठायला लागल्या होत्या, आणि मंदाला दोन स्थळं आली होती. घरं बघायला आत्याबाई मला बरोबर घेऊन निघाल्या. का, ते माहीत नाही. बहुतेक डबा धरायला.

पहिलं घर पिरंगुटाच्या अंगाला. मुलगा नव्या कारखान्यात लागलेला. घराला सिमेंटचा कोबा, वर पत्रे, भिंतीला निळा रंग. थेंब गळत नव्हता. मामंजी ह्या घरावर अगदी खूश होते. आत्याबाईंना खुर्ची मिळाली, मला पाट, चहा कपबशीतून आला. घरातली थोरली सून मात्र आत आली नाही. ती मागच्या छपराखाली डोक्यावर पोत्याची खोळ घेऊन भांडी घासत होती. आत्याबाई पाय मोकळे करायचं निमित्त काढून मागे गेल्या, मी त्यांच्यामागे. छपरात एका बाजूला सरपण रचलं होतं, त्यावर प्लास्टिकचा कागद घालून चारी कोपऱ्यांना दगड ठेवले होते. शेजारी बांबूवर सुनेची वाकळ, उघडीच. वाऱ्याबरोबर आत येणारी झड तिच्यावर पडत होती. आत्याबाईंनी हात लावला, आणि तोच हात पदराला पुसला.

परतीच्या वाटेवर त्या घोंगडी सावरत पुढे चालत राहिल्या. मग म्हणाल्या, "लाकडावर कागद हाय. सुनंवर न्हाई."

ते स्थळ तिथंच मोडलं. मामंजींनी तोंड फुगवलं, ते कितीतरी दिवस फुगलेलंच होतं.

दुसरं घर मुठा खोऱ्यात, आतल्या बाजूला. एसटीनं जिथवर सोडलं तिथून पुढे बांधाबांधानं चालत गेलो. त्या वाटेचं हिरवं मला अजून आठवतं, डोळ्यांना बोचेल इतकं हिरवं, आणि त्यात बगळे उभे. घरात पाऊल टाकलं आणि मला हसू आवरेना. गळावं तरी किती! पातेली, तपेली, घमेली, एक फुटका हंडा, सगळी जमिनीवर मांडलेली, आणि प्रत्येकाचा आवाज निराळा. घरातले म्हातारबा, म्हणजे मुलाचे आजोबा, बाजेवर घरातल्या घरात छत्री उघडून बसले होते आणि शांतपणे तंबाखू मळत होते. मुलाची आई हौसाबाई उंबऱ्यावर बसल्या होत्या आणि त्यांच्या खांद्यावर वळचणीचं पाणी पडत होतं. थोरली सून नुकतीच बाळंत झालेली. ती चुलीमागच्या भिंतीला टेकून मूल पाजत होती, खडखडीत कोरडी.

आत्याबाई "बाळ बघू की" म्हणत तिच्याजवळ गेल्या. एका हातानं बाळाची हनुवटी धरली, दुसरा वाकळेवर ठेवला. वाकळ कोरडी होती, नुसती कोरडी नाही, चुलीची ऊब धरलेली. आत्याबाईंचा चेहरा मी चार वर्षं पाहत होते, तो असा सैल झालेला मी तोवर पाहिला नव्हता.

हौसाबाईंनी तो हात पाहिला. त्या उंबऱ्यावरून उठल्या, चुलीतलं लाकूड तेवढं पुढे सारलं.

निघताना आत्याबाईंनी कापण्यांचा डबा तिथंच ठेवला. इतर घरांत कापण्या ताटलीत काढून डबा परत आणायच्या, इथं नाही. डबा मागे ठेवणं म्हणजे येणंजाणं चालू ठेवायचं, हे आमच्याकडे पोरासोरांना कळतं. तोंडानं बोलायचं नाही, आखाड आहे; डबा बोलेल. आता वाटतं, त्यांनी तेवढं करायला नको होतं. कारण डबा ज्याच्याकडे राहतो त्याला तो परत द्यायला यावं लागतं.

घरी आल्यावर मी मंदाला छत्रीतल्या आजोबांची गोष्ट सांगितली. ती हसून हसून लोळली. तो मुलगा तिनं जत्रेत पाहिला होता, हे तिनं मला आधीच सांगितलं होतं आणि कुणाला सांगू नको असंही सांगितलं होतं. त्या आठवड्यात तिनं माझ्या चिखल्यांना आपण होऊन तेल लावलं, यावरून काय ते समजा.

आता माझी वाकळ कुठे असायची ते सांगायला हवं. पडवीत. लग्न झालं तेव्हा आम्हा दोघांना निराळी जागा हवी म्हणून पडवीला पेंढ्याचा आडोसा करून दिला होता, आणि तेव्हा मला ती पडवी राजवाड्यासारखी वाटली होती. पुढे आमच्या ह्यांना पुण्यात काम लागलं. हे तिकडेच खोलीवर राहू लागले, सुट्टीला येत. मी पडवीतच राहिले. माजघरात आत्याबाई, मामंजी, चुलीमागे मंदा. आडोसा दर पावसात कुजायचा, वाऱ्याची झड आत यायची, मी वाकळ दुमडून भिंतीकडे सरकायची. कुणी मला तिथे झोप असं म्हटलं नव्हतं. आत ये असंही कुणी म्हटलं नव्हतं. चार पावसाळे गेले. आपण भिजतोय हे माणूस विसरतं, खरंच विसरतं. आत्याबाईंबरोबर घरं बघत फिरतानाही माझ्या मनात आलं नाही की आपल्याही वाकळेला एकदा हात लावून बघावा.

आखाड संपता संपता हौसाबाई आल्या. एकट्या, डोक्यावर इरलं, हातात आमचा डबा. डबा रिकामा देत नाहीत, म्हणून त्यात हुलगे भरून आणलेले. बाहेर असा पाऊस की अंगणातली तुळस दिसेना. आत्याबाईंनी त्यांना चुलीजवळ बसवलं, मंदानं चहा केला, चांगला केला, साखर सांडली नाही. मी वैरणीचा भारा घेऊन आले होते, ओलीचिंब, आणि पडवीच्या खांबाशी उभी राहून केस पिळत होते. हौसाबाई चहा पिऊन उठल्या, "जरा पाय मोकळं करते" म्हणाल्या आणि पडवीत आल्या. हे वाक्य कुठे ऐकलंय, असं माझ्या मनात येतं न येतं तोच त्या खाली वाकल्या.

"ही वाकळ कुणाची?" त्यांनी दारातून आत विचारलं.

आत्याबाई उठून उभ्या राहिल्या. खोटं बोलता आलं असतं. कुत्र्याची म्हणाल्या असत्या तरी चाललं असतं, वास तसाच होता. पण त्या म्हणाल्या, "सुनंची."

हौसाबाई परत आत गेल्या, बसल्या. आवाज अजिबात चढवला नाही. "बाई, तुमी माझ्या सुनंची वाकळ चाचपली, ते मी बघितलं. मला राग न्हाई आला. म्हनलं, लेकीची काळजी हाय, असावीच. पर मलाबी सुनंची काळजी हाय. तुमची पोर उद्या माझ्या घरात यील. ती जावंला कुटं निजवंल? हितं जे बघितलंया तेच करंल ना?"

चुलीवर आधण उकळत होतं. मंदा कपबश्या हातात धरून उभी होती. तिचं तोंड पांढरं पडलं होतं. मी पडवीतून सगळं ऐकत होते आणि खरं सांगते, मला दोन्ही वाटलं. मंदाचं वाईट वाटलं. आणि त्याच वेळी असंही वाटलं की चार वर्षांत कुणीतरी विचारलं, ही वाकळ कुणाची म्हणून. रडू आलं ते नेमकं कशाचं, मला सांगता येणार नाही.

हौसाबाई पावसातच परत गेल्या. सांगावा आला नाही. श्रावणात आला नाही, भादव्यात आला नाही, आणि मग त्या मुलाचं दुसरीकडे ठरल्याचं बाजारात कळलं. मंदा कितीतरी दिवस माझ्याशी बोलली नाही. तिचं चूक होतं असं मला वाटत नाही. तिनं मला पडवीत ठेवलं नव्हतं, तशी ती आत बोलावणारीही नव्हती. घरात लेक जशी वागते तशीच ती वागत होती, आणि त्याची किंमत तिलाच पडली.

आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं बघायचं वाकून, असं लोक म्हणतात, आणि त्यात हसतात. मला आत्याबाईंचं कधी हसू आलं नाही. थोरल्या लेकीचं ते अंथरूण ज्या हातांनी उचललं, तेच हात रोज सकाळी पडवी झाडताना माझी वाकळ बाजूला सारायचे. त्या हातांना दोन्हीतलं पाणी एकच आहे हे कळलं नाही. सून ही बाहेरून आलेली, तिचं भिजणं पावसाचाच एक भाग असल्यासारखं. मी पुढे सासू झाले तेव्हा ह्यावर पुष्कळ विचार केला. उत्तर मिळालं असं नाही.

हौसाबाई गेल्या त्याच दुपारी आत्याबाईंनी माझी वाकळ उचलली आणि चुलीवर दोन्ही हातांनी धरून शेकायला घेतली, भाकरी उलटावी तशी उलटून पालटून. वाफा निघत होत्या. घरभर तो वास सुटला. "आत्याबाई, द्या, मी करते," मी म्हटलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. "बस हितं," म्हणाल्या. चुलीमागची जागा मंदानं रिकामी केलेली होती. ती माजघरात आईच्या अंथरुणावर जाऊन पडली होती, भिंतीकडे तोंड करून.

पुढच्या वर्षी तिसरं स्थळ आलं. मुळशीच्या धरणाच्या वरच्या अंगाला, जिथं पाऊस आमच्यापेक्षाही जास्त. मामंजी जमीन बघून आले, "माणसं लई चांगली" म्हणाले. आखाड लागला. मी कापण्या तळल्या, डबा बांधला आणि आत्याबाई घोंगडी घेतील म्हणून वाट पाहत बसले. त्या जागेवरून उठल्या नाहीत.

"तू जा," त्या म्हणाल्या.

"मी एकली?"

"मी कुणाचं घर बघू आता? तू बघून ये. तू म्हणशील तितं दिऊ."

मंदा दारात उभी होती. आम्ही पुन्हा बोलू लागलो होतो, पण जपून. घोंगडी तिनंच माझ्या डोक्यावर नीट घातली. एका बाईचं सगळं आयुष्य माझ्या हाताच्या पंजावर येऊन बसलं होतं, आणि मला फक्त एवढंच माहीत होतं की ओली वाकळ कशी लागते.

ते घर बघून मी संध्याकाळच्या आत परतले. पायरीवर पाय धुतले, घोंगडी झटकून खुंटीला लावली. आत्याबाई चुलीपाशी होत्या, मंदा त्यांच्यामागे. मी आधी शेकायला हात पुढे केले, बोटं पार गारठली होती. त्या घरात मी वाकळ हुडकायला गेले तर एकीवर एक अशा सगळ्यांच्याच वाकळा तारेवर टाकलेल्या होत्या, सासूची, सासऱ्याची, थोरल्या सुनेची, मुलांची. कुठली कुणाची, ओळखता येईना. मी प्रत्येकीला हात लावून पाहिला होता.

"गळतंय का?" आत्याबाईंनी विचारलं.

"गळतंय," मी म्हटलं. "लई गळतंय. पर समद्यांवर सारकंच गळतंय."

आत्याबाईंनी चुलीतलं लाकूड पुढे सारलं, एकदा मंदाकडे बघितलं.

"मग दिऊ," त्या म्हणाल्या.